ताईचा एमआरआय
ताईच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी आधी एमआरआय सांगितला, मग काय, सकाळी सातलाच आम्ही परळला. पालथं झोपवतात, शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे गाठ चित्रात उठून दिसावी म्हणूनचं औषध, देतात आणि आत नुसती धडधड, ताई बाहेर आली तेव्हा कपाळावर वळ उठलेला. रिपोर्टमध्ये गाठीपासून लांब अजून एक ठिपका निघाला आणि घरात सगळे लगेच, स्तनच काढून टाका! अहो, एमआरआयमध्ये कॅन्सर नसलेली साधी गाठही चमकू शकते, आधी त्या ठिपक्याची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करायची असते. ब्रिटनमध्ये १,६२३ बायकांवर अभ्यास झालाय, २०१० मध्ये छापून आलाय, एमआरआय करा नाहीतर नका करू, पुन्हा ऑपरेशन लागायचं प्रमाण जवळपास १९ टक्केच. ताईची बायोप्सी साधी आली. फक्त गाठ काढली, आता रेडिएशन सुरू आहे.