चष्मा सुटला म्हणून दाखवायला आणलेली मुलगी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात. मागच्या पावसाळ्यात एक वडील सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले, एकदम खुशीत. मॅडम, हिचा चष्मा सुटला, एकदा बघून तसं लिहून द्या म्हणाले. शाळेच्या तपासणीत चष्मा लागला होता पण घरी सगळ्यांचं म्हणणं पडलं एवढ्याशा पोरीला कशाला, मग व्हिडिओ बघून रोज तळवे घासून डोळ्यांवर ठेवायचे, त्राटक, गाजराचा रस, सगळं अगदी मनापासून केलेलं.

दोन्ही डोळ्यांनी तिने ६/६ ची, म्हणजे पूर्ण चांगल्या नजरेची ओळ घडाघडा वाचली. वडील हसले. मी उजवा डोळा झाकला तर पोरगी मान वाकडी करून कडेने बघायला लागली, आणि असं मूल बघायला लागलं की आम्हाला शंका येतेच. म्हटलं दादा, तुम्हीच तळहाताने नीट झाका. आता फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर, ६/६०, त्याखाली काहीच नाही. त्यांनी हात काढला, परत झाकला, तेच.

थेंब घालून रेटिनोस्कोपी केली, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर मोजला. उजव्याचा नंबर जवळपास झिरो, डाव्याचा प्लस पाच, आणि काच लावूनही डाव्याने ६/३६ च, म्हणजे वरून दुसरी ओळ. लेझी आय, म्हणजे आळशी डोळा. उजवा आधीपासूनच चांगला होता, घरच्यांना वाटलं व्यायामाने नजर सुधारली. डाव्याचं चित्र सतत धूसर म्हणून मेंदू ते घेईनासाच होतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर ते सुधारणं अवघड होत जातं, मला खरी काळजी त्याची वाटते.

हे तळवे डोळ्यांवर ठेवणं, पामिंग, अमेरिकेतल्या डॉ. विल्यम बेट्स यांनी १९२० च्या पुस्तकात मांडलेलं, डोळ्याबाहेरचे स्नायू ताणले जातात म्हणून नंबर येतो असं त्यांचं मत. पण नंबर ठरतो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या गोलाईवर, आतल्या भिंगावर आणि डोळ्याच्या लांबीवर, ते तळव्यांनी बदलत नाही, थकलेल्या डोळ्यांना बरं वाटतं एवढंच. गाजर रातांधळेपणात, व्हिटॅमिन ए कमी असेल तर कामाचं. नैसर्गिक म्हणावं तर एकच गोष्ट मी सगळ्या आईबापांना सांगते, पोरांना रोज दोन तास उजेडात बाहेर खेळू द्या, तैवानच्या शाळांनी २०१० पासून हेच केलं आणि काही वर्षांत नजर कमी भरणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं. पण लागलेला नंबर त्यानेही जात नाही.

वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आता काय करायचं ते सांगा. डॉक्टरांनी पूर्णवेळ चष्मा आणि उजव्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी दिली, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल, तेवढ्या वेळात चित्रं रंगवणं, मणी ओवणं. पहिले काही दिवस पोरगी पट्टी ओढून काढायची, आजी शेजारी बसून राहायची. परवाच्या तपासणीत डावा ६/१२ वर आलाय, पट्टी चालूच आहे, आणि यावेळी धाकट्यालाही आणलं होतं, एकेक डोळा वेगळा झाकून बघा असं वडीलच आधी म्हणाले.