गुरुवारी हलणारा जी

गिटार दुरुस्तीला घेऊन आलेल्या पोराची तक्रार एका ओळीची होती. ‘काका, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हलतो.’

जी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीतला एक सूर, फ्रेट म्हणजे गिटारीच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी. हलतो म्हणजे काय, ते त्याने तोंडाने करून दाखवलं. वंव, वंव, वंव. सेकंदाला साधारण दोनदा. पोरगा भोसरीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो, त्यामुळे मोजमापाला पक्का. ‘कधी होतं?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘घरी होतं. इथे आणली की शहाण्यासारखी वागते.’ असं सांगणारे महिन्याला दोन तरी येतात. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत गिटारी बऱ्या होतात आणि जिना उतरताच पुन्हा आजारी पडतात. मी मान डोलावली आणि ठेवून घेतली.

गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट या प्रसिद्ध मॉडेलच्या घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपून त्याची वीज करणारं, चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेलं साधन; सिंगल कॉइल म्हणजे एकाच गुंडाळीचं. सूर मोजणारा ट्यूनर लावला तर पाच तारा बरोबर आणि सहावी चांगलीच चढलेली, अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा तरी. म्हटलं, बसच्या प्रवासात खुंटीला धक्का लागला असेल. खरं तर धक्क्याने तार उतरते, सहसा चढत नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

हलणाऱ्या सुराचं एक नेहमीचं कारण मला माहीत होतं. या घडणीच्या गिटारीत पिकअप तारांच्या फार जवळ चढवले, तर त्यांतली चुंबकं जाड तारेला खेचतात. तार नीट झुलत नाही, आणि एकाच सुरातून दोन सूर आल्यासारखं ऐकू येतं. मी नेककडचा पिकअप जरा खाली घेतला, इंटोनेशन, म्हणजे दांडीभर सूर बरोबर येतील अशी तारांची लांबी, जुळवलं, नव्या तारा चढवल्या. जी ठणठणीत वाजला.

तीन आठवड्यांनी स्वारी परत. या वेळी मोबाइलवर रेकॉर्डिंग आणलं होतं. जी खरंच हलत होता, आणि त्याच्या मागे सतत एक गुणगुण होती. मी लगेच निकाल दिला, शील्डिंग नाही, म्हणजे बाहेरची खरखर अडवणारं धातूचं अस्तर नाही. वरचं झाकण, पिकगार्ड, उघडून आतल्या सगळ्या खाचांना तांब्याची पट्टी चिकटवली, टोकं सोल्डर केली, ९०० रुपये घेतले. माझ्या खोलीतल्या ट्यूबलाइटची खरखर एकदम कमी झाली, म्हणून मी स्वतःवर खूश.

पैसे देताना तो सहज म्हणाला, ‘चुलत बहीण गायची माझ्याबरोबर. क्लासिकल शिकलेली आहे. आता येत नाही. आमचा सूरच जमत नाही.’ घरगुती भांडण असेल म्हणून मी पुढे विचारलं नाही.

तिसऱ्यांदा त्याचा फोन आला, तेव्हा मात्र मी म्हटलं, तू येऊ नकोस, मीच येतो. त्याला सुटी गुरुवारी, तेव्हा गुरुवारीच चिंचवडला गेलो. देखभालीसाठी सकाळी गेलेली लाइट चारच्या सुमाराला आली होती. मी पाचला पोचलो.

आधी मल्टिमीटर काढला, कारण माझा संशय अर्थिंगवर होता. फेज ते अर्थिंग २३१ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थिंग २. म्हणजे उत्तम. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहिला, फरक नाही. केबल बदलली, फरक नाही. तो खुर्चीवर भिंतीला पाठ लावून बसला होता, इंटरफेसमधून गिटार लॅपटॉपमध्ये, वर सॉफ्टवेअरमधला अँप, गेन, म्हणजे आवाजाची वाढ, भरपूर. जी वाजवला. वंव, वंव, वंव.

मी तारांवर तळवा ठेवला. गुणगुण जशीच्या तशी. तांब्याची पट्टी जी खरखर अडवते, ती तारांना हात लावला की बऱ्याच अंशी दबते. ही दबत नव्हती. मग त्याला म्हटलं, बसल्या जागी खिडकीकडे वळ. तो वळला आणि गुणगुण हळूहळू विरली. आणखी वळला, पुन्हा आली.

मी त्याचे ९०० रुपये पाण्यात घातले होते, हे मला त्याच क्षणी कळलं. दिशेप्रमाणे बदलणारी गुणगुण म्हणजे चुंबकीय क्षेत्र, आणि इतक्या कमी कंपनसंख्येचं क्षेत्र तांब्याच्या पातळ पट्टीतून बिनदिक्कत आरपार जातं. गिटारीत काही बिघडलेलंच नव्हतं. भिंतीपलीकडे काहीतरी होतं.

त्याची आई चहा घेऊन आली. मी विचारलं, ‘वहिनी, या भिंतीमागे काय आहे?’

‘पॅसेज. इन्व्हर्टर ठेवलाय. लाइट आली की संध्याकाळभर घूं घूं करतो मेला.’

मी चहा तसाच ठेवून उठलो. साडेचार इंची भिंत, पलीकडे स्टुलावर इन्व्हर्टर, खाली बॅटरी. खुर्चीपासून दोन-अडीच फूट. गिटारचा क्लिप ट्यूनर मी इन्व्हर्टरच्या पत्र्याला लावला. पडद्यावर अक्षर उमटलं: जी. काटा मधल्या रेघेच्या बराच उजवीकडे.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. ट्रान्सफॉर्मरचा पत्रा गुणगुणतो तो दुपटीने, १०० वर, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीच्या जाड वायरींमधून जाणारा करंटही सेकंदाला १०० ठोके घेतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की फरक दोनचा, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. त्याने पहिल्या दिवशी तोंडाने अचूक करून दाखवलं होतं. परदेशी व्हिडिओंतून त्याला हे कळलं नसतं, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथली गुणगुण १२० वर, म्हणजे बी फ्लॅट आणि बी यांच्या फटीत पडते. आपल्याकडे ती थेट जीच्या डोक्यावर बसते.

आणि गुरुवारच का, तर लाइट दिवसभर नसते, बॅटरी रिकामी होते, आणि लाइट आली की इन्व्हर्टर अधाशासारखा चार्ज करायला लागतो. याची साप्ताहिक सुटी त्याच दिवशी, रेकॉर्डिंगही त्याच संध्याकाळी.

त्याने नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज आला की वाट बंद करणारं सॉफ्टवेअर, लावून पाहिलं होतं. पण गेट बंद असतं तेव्हाच गुणगुण दडते. सूर छेडला की गेट उघडतं, आणि ती सुराबरोबर आत येते. ईक्यूने, म्हणजे निवडक कंपनसंख्या कमी-जास्त करून, १०० कापलं तर जीच कापला जातो. त्यापेक्षा खुर्ची खिडकीशी नेली, आणि पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या स्थानावर, ब्रिजकडचा आणि मधला पिकअप एकत्र. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा निघाला, त्यामुळे दोघांनी एकमेकांची गुणगुण खोडली आणि तारेचा आवाज राखला. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत याच युक्तीवर हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, घडवला. चार्जिंगचं बटण रेकॉर्डिंगपुरतं बंद ठेव, हेही सांगितलं. जी वाजवला. सरळ.

आवरता आवरता मला सहावी तार आठवली. ‘पहिल्यांदा आणलीस तेव्हा ती चढलेली होती. तू चढवली होतीस का?’

‘हो,’ तो म्हणाला. ‘थोडी वर घेतली की हलायचा थांबायचा. मग सगळी गाणी तशीच रेकॉर्ड केली.’

म्हणजे त्याने गिटार इन्व्हर्टरच्या सुराला मिळवली होती.

९०० रुपये मी टेबलावर ठेवले. तो घेईना. त्याचं लक्षच नव्हतं. लॅपटॉपवर जुनं गाणं लावून ऐकत होता, खालचा जी आणि वर मुलीचा आवाज. अर्ध्यावर त्याने थांबवलं.

‘काका, ती म्हणायची तुझा खर्ज चढाय. आणि मी तिला म्हटलं, ट्यूनरपेक्षा तू शहाणी का.’

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘कोण रे?’ त्याने उत्तर दिलं नाही. फोन घेऊन गॅलरीत गेला. मी गार झालेला चहा प्यायलो आणि केबल गुंडाळायला लागलो.