साक्षीसभेचा रविवार

दर जानेवारीत आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्षीसभा भरते. व्यसनातून सुटलेली माणसं त्या दिवशी उभी राहून देवाने आपल्याला कसं सोडवलं याची साक्ष देतात. सुरुवातीची प्रार्थना, पाहुण्यांचं स्वागत, अहवालवाचन हे दरवर्षीचंच, त्यात मी अडकत नाही.

मी वाट बघते ती भजनाची. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला अभंगांत, ओव्यांत गायलं. त्यामुळे आमच्या नगरकडच्या माणसाला ती चाल परकी वाटत नाही. आमचे हे पहिल्यांदा आले ते टाळांच्या आवाजानेच. गुत्त्यावरून घरी निघाले होते, हॉलच्या पायरीवर बसले. त्यांना कुणी उठवलं नाही, याचं मला आजही भरून येतं.

भजनानंतर साक्षी. एका रात्रीत बाटली फेकली, अशा साक्षीला टाळ्या जास्त पडतात. मला मात्र अडखळत दिलेली साक्ष लागते. गेल्या वर्षी एक ट्रॅक्टरवाला भाऊ उभा राहिला. दारू बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या भिंतीवर त्याला मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या, अंग थरथरत होतं. बायको उशाशी बसून बायबलमधलं 23वं स्तोत्र वाचत होती. "बाकी काय कळलं न्हाई, 'तू माझ्याबरोबर आहेस' एवढंच कळलं," म्हणाला आणि पुढे बोलताच येईना. बायको बायकांच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. मी तिच्याकडेच बघत राहिले.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की भ्रम होतो, आकडी येते, जीवही जाऊ शकतो. म्हणून आमच्याकडे प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही बरोबरच. हे आम्हाला शिकवलं मंडळीतल्या निवृत्त नर्सबाईंनी.

चौथ्या वर्षी हे पुन्हा प्यायले. त्या जानेवारीत मी एकटी गेले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. पाळकसाहेब व्यासपीठावरून काही बोलले नाहीत. सभा झाल्यावर तेच प्रीतिभोजनाचा डबा घेऊन आमच्या घरी आले आणि यांच्याबरोबर जेवायला बसले. त्या रात्रीपासून आजपर्यंत यांनी थेंब घेतलेला नाही.

संदेश बहुधा बायबलमधल्या लूकच्या 15व्या अध्यायावर असतो, उधळ्या पुत्राचा. सगळे उधळून घरी परतलेल्या धाकट्यावर बोलतात, मला त्याचा थोरला भाऊ आठवतो. घरातून गाण्यानाचण्याचा आवाज आला तरी तो आत येईना. नाताळला पहिल्या रांगेत बसणारी आमची काही घरं या सभेला फिरकत नाहीत. दारुड्यांची सभा म्हणतात. आली तरी जेवणाच्या वेळेला येतात. मला याचा राग येतो, तो मी लपवत नाही.

आभार मात्र मनापासून. पेटीवाले दादा, सतरंज्या आणि पातेली देणारं महिला मंडळ, रश्श्याला पहाटे चारला चूल पेटवणारे आचारीमामा, पाणी वाटणारी शब्बाथ शाळेची मुलं, लांबच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना पैसे न घेता आणणारा रिक्षावाला, जादा टाळ देणारे विठ्ठल मंदिरातले बुवा, माईक लावणारा पोरगा, आणि नर्सबाई तर आहेतच. हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या आजोबांचं नाव गेल्या वेळी राहिलं, ते वर्षभर टोचत होतं. भाकऱ्या थापणाऱ्या अकरा जणी होत्या, बाराव्या मावशी उशिरा आल्या, पण सगळी भांडी त्यांनीच घासली. अजून कुणी राहिलं असेल तर माझ्याकडे या, मी लिहून ठेवीन.

यांनी अजून साक्ष दिलेली नाही. मी आग्रह करत नाही. भजन सुरू झालं की ते उठतात आणि बाहेर जाऊन पायरीवर कुणी बसलंय का, बघून येतात.