भागीदारी मोजताना होणारी चूक

आज ठाण्याच्या सेंट्रल मैदानाबाहेर, चहाच्या टपरीवर जुनाच वाद: वेस्ट इंडिजचा गेल २१५, सॅम्युएल्स नाबाद १३३, मग भागीदारी ३४८ची की ३७२ची?

३७२चीच. २०१५चा वर्ल्ड कप, कॅनबेरा, समोर झिम्बाब्वे. डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर स्मिथ बोल्ड, फलकावर शून्य. मग गेल बाद झाला तो थेट डावाच्या शेवटच्या चेंडूवर, ३७२वर. मधले २४ एक्स्ट्रा. वाइड, बाय, लेगबाय कोणत्याच फलंदाजाच्या नावावर चढत नाहीत, पण भागीदारीत धरतात. गल्लीतल्या स्कोअररची गफलत इथेच होते. दोघांच्या धावांची बेरीज करून मोकळे! खरं तर विकेट पडली की त्या वेळचा एकूण स्कोअर लिहायचा आणि त्यातून आधीच्या विकेटचा स्कोअर वजा करायचा. झालं.

३७२ हा वनडेतला विक्रम. त्याआधीचा विक्रम आपल्या सचिन-द्रविडचा, ३३१, हैदराबाद १९९९. सलामीचा विक्रम कॅम्पबेल-होपचा, ३६५, डब्लिन २०१९.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांपेक्षा वानखेडेवरची २०२ भारी. ७ नोव्हेंबर २०२३, अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. पायात गोळे आलेला मॅक्सवेल जागेवर उभा राहून मारतोय, कमिन्स ६८ चेंडूंत १२ करून दुसरं टोक धरून बसलाय. आठव्या विकेटसाठी अभेद्य २०२: मॅक्सवेल १७९, कमिन्स १२, एक्स्ट्रा ११. करा बेरीज. आणि मॅक्सवेलचा मुजीबच्या हातून सुटलेला तो सोपा कॅच? तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.