कुत्रा घरी आणण्याआधी: नेरूळमधला आमचा अनुभव

आठवीतल्या आमच्या मुलाला हस्की हवा होता. थंड प्रदेशातलं जनावर, अंगावर केसांचे दोन थर. नेरूळच्या मे महिन्यात त्याचे हाल करायला मी तयार नव्हते. लॅब्रेडॉरवर मात्र घरात बरीच चर्चा झाली. आमची बिल्डिंग सिडकोची, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पूर्ण वाढलेला लॅब तीस किलोच्या आसपास भरतो आणि या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगेल असं धरलं, तर तो म्हातारा होईल तेव्हा मुलगा शिक्षणासाठी नाहीतर नोकरीसाठी बाहेर आणि ह्यांची साठी जवळ आलेली. मग रोज त्याला उचलून तीन जिने कोण उतरवणार? पिल्लाच्या गोड चेहऱ्यावर जाऊ नये, त्याच्या दहाव्या-बाराव्या वर्षाचा हिशेब आधी मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि हा हिशेब पावसाळ्यात मांडावा. डिसेंबरच्या गारव्यात पाम बीच रोडला फिरायला सगळेच तयार असतात. आम्ही कुत्रा नसतानाच जुलैभर त्याच्या वेळा पाळल्या. सकाळी साडेसहाला हे खाली, संध्याकाळी मुलगा, रात्री जेवणं आटोपली की मी. धो धो पाऊस असला तरी छत्री घेऊन एक फेरी मारायचीच. त्यातून संध्याकाळची अडचण लगेच समोर आली. मुलाचा क्लास त्याच वेळेला, हार्बर लाईन तुंबली की माझा पत्ता नाही, आणि घरात उरतात त्या गुडघेदुखीच्या सासूबाई. ओढणारा कुत्रा त्यांना जिन्यात पाडेल, ही भीती खरी होती. शेवटी समोरच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी संध्याकाळची फेरी पैसे घेऊन करायला तयार झाली. खाणं, औषधं आणि तिचे पैसे धरून महिन्याचा खर्च लिहून काढला, अचानकच्या आजारपणासाठी वेगळी रक्कम ठेवली आणि मगच पुढे गेलो.

पिल्लू आणायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने रस्त्यावर न्यायचं नाही, आणि शी-शू तर दर दोन तासांनी. आमच्या घराला ते झेपलं नसतं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधी पाहता येतो.

ओळखीतल्या एका ताईंनी रस्त्यावरची एक तांबूस कुत्री तात्पुरती घरी ठेवली होती. साधारण दोन वर्षांची, नसबंदी झालेली; कानाला त्याची खाच होती. ताईंनी आमचं घर येऊन पाहिलं. बाल्कनीच्या ग्रिलमधून तिचं डोकं जाईल का, हे त्यांनी स्वतःची मूठ घालून तपासलं आणि खालच्या भागाला जाळी लावायला सांगितली. सासूबाईंशी तर त्या माझ्यापेक्षा जास्त बोलल्या. दिवसभर घरात असणाऱ्या माणसालाच कुत्रा नको असेल, तर ताई देत नाहीत. मला ते अगदी पटलं. तांबू पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंच्या खुर्चीखाली जाऊन बसली आणि त्यांनी पाय आखडून तिला जागा करून दिली.

सोसायटीचं म्हणाल, तर कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, अगदी सभेत बहुमताने ठराव केला तरीही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. तरीही सेक्रेटरींना सांगून आम्ही जिन्यावरच्या प्रत्येक घरी गेलो. तळमजल्यावरच्या काकूंना कुत्र्याची धास्ती आहे. त्यांच्या दारापुढून जाताना पट्टा आखूड धरायचा आणि घाण लगेच उचलायची, हे आम्ही त्यांना कबूल केलं आणि पाळतो. रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट हातात आल्यावर महापालिकेच्या परवान्यासाठी अर्ज केला.

पावसाळ्यात गोचिड्यांकडे दुर्लक्ष करू नका. रोज रात्री मी बोटांच्या बेचक्या आणि कानामागचे केस बाजूला करून पाहते. काळ्या तिळाएवढी गोचिडी दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिच्यातून येणाऱ्या तापाने कुत्र्याच्या प्लेटलेट्स धडाधड उतरतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, म्हणून लेप्टोची लसही चुकवत नाही.

राहिला गणपतीचा प्रश्न. आमचं गाव कणकवलीजवळ. ट्रेनमध्ये फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत तांबूला रात्रभर ठेवायला आम्ही कुणीच तयार नाही. म्हणून दरवर्षी आळीपाळीने एकाने नेरूळला थांबायचं, असं तिला आणण्याआधीच ठरवलं होतं. यंदा माझी पाळी आहे. सासूबाई, हे आणि मुलगा गावी जातील.