तत्त्वं कागदावर उतरवताना

बहुतेकांच्या तत्त्वांच्या यादीत ‘मेहनत करायची’, ‘प्रामाणिक राहायचं’, ‘लांबचा विचार करायचा’ अशा ओळी सापडतात. त्यात चूक काहीच नाही, पण ऐन निर्णयाच्या वेळी त्या कामाला येत नाहीत, कारण त्या कशाच्याच आड येत नाहीत. शेअर विकणारा म्हणतो, लांबचा विचार करून विकला. न विकणाराही तेच म्हणतो. म्हणून माझी पहिली कसोटी साधी आहे. मनातून करावीशी वाटणारी एखादी गोष्ट करण्यापासून या ओळीने गेल्या वर्षभरात तुम्हाला एकदा तरी अडवलं का? अडवलं नसेल, तर तो सुविचार आहे. भिंतीवर लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पैसे किंवा नोकरी पणाला लावू नये.

कामाचं तत्त्व म्हणजे डोकं शांत असताना आधीच घेऊन ठेवलेला निर्णय. त्यात चार गोष्टी हव्यात: प्रसंग कोणता, तो आला की करायचं काय, कशासाठी, आणि कुठे हे लागू नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘जर-तर’ संकल्पांवर बरंच काम केलं आहे. त्याचा गाजलेला लेख 1999 सालचा. ‘मी व्यायाम करीन’ यापेक्षा ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी जाऊन व्यायाम करीन’ हे जास्त पाळलं जातं, असं त्या अभ्यासांतून दिसलं. प्रसंग आधीच ठरलेला असला की त्या क्षणी स्वतःशी वाद घालायला जागा उरत नाही.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. ‘दिलेल्या तारखेला काम पूर्ण करायचं’ ही मूळ ओळ. तिचं तत्त्व असं होईल: कुणी तारीख विचारली तर जागच्या जागी सांगायची नाही. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला किती वेळ लागेल ते लिहायचं. मग याआधीच्या अशाच तीन कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता ते काढायचं. दोन्हींत जो आकडा मोठा, तो सांगायचा. कारण: अंदाज बांधताना सगळं सुरळीत चाललेलं चित्रच डोळ्यांपुढे असतं, आजारपण, अडलेली मंजुरी, मध्येच बदललेली मागणी त्यात धरलेली नसते. काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हा नियोजनातला भ्रम म्हणून नोंदवला होता. अपवाद: एका दिवसाच्या आत उरकणारं काम.

यातली कारणाची ओळ लोक हमखास गाळतात, आणि तिथेच फसतात. परिस्थिती बदलली की तत्त्व अजून लागू आहे का, हे फक्त कारणावरून कळतं. कारण हरवलं की दोन वर्षांत एक तर त्याची अंधश्रद्धा होते, नाही तर ‘आता काळ बदलला’ म्हणून ते सोडून दिलं जातं.

ही तत्त्वं आणायची कुठून? दुसऱ्याची यादी उतरवून घेणं सोपं असतं, पण ती यादी त्याच्या वयाची, त्याच्या उत्पन्नाची आणि त्याच्या स्वभावाची असते. आपली तत्त्वं आपल्या निर्णयांतूनच निघतात. त्यासाठी निर्णयांची नोंदवही लागते, आणि ती निर्णयाच्या आधी भरावी लागते. प्रत्येक नोंदीत तारीख, काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले आणि का, काय घडेल असं वाटतं, कधीपर्यंत, आणि किती टक्के खात्री आहे, हे लिहायचं. शिवाय काय दिसलं तर आपण चुकलो असं मानायचं, तेही. शेवटी मनाची अवस्था: झोप झाली होती का, घाई होती का, कुणाचा दबाव होता का. दहा मिनिटांत होतं. मात्र फिरवायला अवघड किंवा वर्षभराहून जास्त काळ परिणाम करणारे निर्णयच लिहा. रोजचं सगळं लिहायला गेलात तर वही दोन आठवड्यांत बंद पडेल.

‘मला आठवतं की सगळं, लिहायचं कशाला?’ याला 1975 सालचं एक उत्तर आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांत काय काय घडेल, याची शक्यता बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी लोकांकडून आधी टक्क्यांत लिहून घेतली होती. नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होता? ज्या गोष्टी घडल्या, त्यांना आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं लोकांना आठवू लागलं. निकाल कळला की स्मृती त्याला जुळवून घेते. कागद जुळवून घेत नाही.

टक्के लिहिले की त्यांचा हिशोबही करता येतो. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये दिलेली रीत पुरेशी आहे. गोष्ट घडली तर 1, नाही तर 0. त्यातून तुमची शक्यता वजा करून वर्ग करायचा. 90 टक्के खात्री होती आणि तसं घडलं, तर 0.01. घडलं नाही, तर 0.81. दर वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याची सरासरी 0.25 येते. वीस-तीस नोंदींनंतर तुमची सरासरी याहून मोठी निघाली, तर त्या विषयातला तुमचा अंदाज नाणेफेकीपेक्षाही वाईट आहे, आणि तिथे दुसऱ्याचा सल्ला घेणं हेच तुमचं तत्त्व व्हायला हवं. कामाच्या, माणसांच्या आणि पैशांच्या नोंदी वेगळ्या मोजा. एकाच माणसाचा हात एका विषयात पक्का आणि दुसऱ्यात कच्चा असू शकतो.

तीन महिन्यांनी वही वाचायला बसाल तेव्हा निकाल झाकून ठेवा आणि आधी निर्णय तपासा. सगळी बचत एका शेअरमध्ये घातली आणि ती दुप्पट झाली, तरी तो निर्णय वाईटच होता. अशा नशिबातून निघालेलं तत्त्व पुढे सगळ्यात जास्त किंमत वसूल करतं. उलट, नीट विचार करून घेतलेल्या निर्णयाचा निकाल वाईट आला म्हणून तो विचार टाकून द्यायचा नाही.

कारण शोधताना एका पायरीवर थांबू नका. ‘शेअर पडला’ ही घटना. ‘कंपनीवर कर्ज किती आहे ते पाहिलं नाही’ ही चूक. ‘ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून तपासणीच सोडली’ हे मूळ. तत्त्व या तिसऱ्या पायरीवर बसवायचं, कारण हेच मूळ उद्या नोकरी बदलताना किंवा जामीन राहताना पुन्हा डोकं वर काढणार आहे. तेच मूळ निदान तीन नोंदींत दिसल्याशिवाय तत्त्व लिहू नका. एका धक्क्यातून जन्मलेला नियम बहुधा भीतीचा असतो: एकदा भागीदार वाईट निघाला की ‘भागीदारी करायचीच नाही’.

जे नुकसान एकदाही परवडणारं नाही, तिथे मात्र तीन वेळा वाट पाहायची नसते. जीव, तब्येत, सगळं भांडवल, लोकांचा विश्वास. इथे दुसऱ्यांच्या नुकसानीवरूनच शिकायचं.

गुंतवणुकीत म्हणूनच पहिलं तत्त्व टिकून राहण्याचं असावं, परताव्याचं नंतर. यामागचं गणित सगळ्यांना ठाऊक असतं, पण निर्णयाच्या वेळी आठवत नाही. 10 टक्के घसरण भरून यायला सुमारे 11 टक्के वाढ लागते, 20 टक्क्यांना 25, 50 टक्क्यांना 100, आणि 80 टक्क्यांना 400. खड्डा जितका खोल, तितकं वर येणं कितीतरी पटींनी अवघड. त्यामुळे काय घ्यायचं याच्याइतकंच किती घ्यायचं हे महत्त्वाचं. एकूण भांडवल 100 धरा. आपला अंदाज चुकला तर हा शेअर निम्मा होईल असं माना. एका चुकीपायी 100 पैकी जास्तीत जास्त 3 गमवायची तयारी असेल, तर त्यात 6 च्या वर घालायचे नाहीत. एकाच उद्योगातले चार शेअर वेगवेगळे मोजू नका. मंदी आली की ते बरोबरच पडतात, म्हणून ही मर्यादा चौघांना मिळून.

कर्ज काढून गुंतवणूक करण्याबद्दल माझं मत ठाम आहे: करू नये. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचं 1998 साली काय झालं ते पाहा. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, दोघांनाही 1997 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं. स्वतःच्या भांडवलाच्या वीस-पंचवीस पट उधारी डोक्यावर होती. रशियाने कर्जफेड थांबवल्यावर बाजार उलटे फिरले आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेला) मध्ये पडून 14 वित्तसंस्थांकडून सुमारे 3.6 अब्ज डॉलर उभे करवावे लागले. बुद्धी कमी नव्हती. भाव पुन्हा जागेवर येईपर्यंत थांबायला उधारीने वेळ दिला नाही.

पडझडीत काय करायचं तेही तेजीत असतानाच लिहून ठेवावं: 20 टक्के, 35 टक्के, 50 टक्के घसरणीला नेमकी कोणती कृती. ‘काहीच करायचं नाही’ हीसुद्धा कृती आहे, फक्त ती लिहिलेली हवी. ती पाळता यावी म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजाराबाहेर असू द्या. तो नसला तर ऐन घसरणीत विकावंच लागतं, मग तत्त्व कितीही चांगलं असो.

विकण्याच्या अटी विकत घेतानाच लिहायच्या. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्ये दाखवलं तसं, माणूस नफ्यातलं लवकर विकतो आणि तोट्यातलं धरून बसतो, कारण विकलं की तोटा कबूल करावा लागतो. म्हणून अटी व्यवसायाबद्दलच्या असाव्यात: कर्ज अमुकच्या वर गेलं, मुख्य ग्राहक सुटला, हिशोबात लपवाछपवी दिसली. आपण कितीला घेतला, हा आकडा त्यात येता कामा नये. कंपनीला तो माहीतही नसतो. गुंतवणुकीवर लागणाऱ्या शुल्काचं तत्त्व मात्र अगदी कडक ठेवा. वर्षाला 10 टक्क्यांनी 30 वर्षांत पैसे सुमारे 17.4 पट होतात, 9 टक्क्यांनी 13.3 पट. शुल्कातला एक टक्का शेवटच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा खातो.

कामाच्या ठिकाणी अनुभव वाढतो तशी एक निराळी चूक वाढते: माहीत असलेली पायरी सुटणं. 30 ऑक्टोबर 1935 ला बोइंगचं मॉडेल 299 हे नवं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. उभं असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून नियंत्रणं अडकवून ठेवणारी कळ सोडवायची राहिली होती, आणि चालवणारे वैमानिक अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासयादी आली. आपली पुन्हा पुन्हा करायची महत्त्वाची कामं, म्हणजे करार, माल रवाना करणं, पैसे पाठवणं, यांना पाच ते नऊ ओळींची यादी असावी. त्याहून लांब झाली की लोक न वाचताच खुणा करतात.

नात्यांच्या बाबतीत आकडे लावू नयेत. तिथे दोनच गोष्टी उपयोगी पडतात: रागात लिहिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचूनच पाठवायचं, आणि वेळ मागणाऱ्या कुठल्याही विनंतीला त्याच बैठकीत होकार द्यायचा नाही.

दोन तत्त्वं एकमेकांना छेदतील तेव्हासाठी क्रम लावून ठेवा. मी असा लावतो: तब्येत, दिलेला शब्द, आर्थिक तग, आणि मग फायदा. तुमचा क्रम वेगळा असेल, पण तो लिहिलेला असावा. नाही तर त्या क्षणी जे सोयीचं तेच वर जातं. एकूण तत्त्वं बाराच्या वर नेऊ नका, लक्षात राहत नाहीत. सुरुवातीला तीन पुरेत. बदल करायचा असेल तर आज लिहा आणि सात दिवसांनी लागू करा. समोर टेबलावर असलेल्या निर्णयाला तो लावायचा नाही. नेमकं त्याच निर्णयासाठी अपवाद शोधणं ही तत्त्वं मोडण्याची सगळ्यात सभ्य रीत आहे.

मोडलं की तेही लिहायचं, तारखेसह. एकच तत्त्व तीनदा मोडलं असेल तर स्वतःला दोष देण्याआधी दोन गोष्टी पाहा. त्यामागचं कारण अजून खरं आहे का? नसेल तर ते खोडा. खरं असेल, तर ते निव्वळ मनोबलावर सोडलं आहे, म्हणून परिस्थिती बदला: गुंतवणूक पगाराच्या दिवशी आपोआप वळती होऊ द्या, भाव दाखवणारं ॲप फोनवरून काढा, आणि मर्यादेबाहेरचा कुठलाही व्यवहार करण्याआधी घरातल्या एका माणसाला ते तत्त्व मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवा.