आबा, मडेरा आणि माझं विमान

शनिवारी रात्री जेवण झालं, पांढरा रस्सा जरा जास्तच झालेला, तरी झोपायचं सोडून मी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर लावून बसलो. एअरबस ए३२०, लिस्बन ते मडेरा. मडेरा म्हणजे पोर्तुगालचं अटलांटिकमधलं बेट, तिथल्या फुंशालच्या एअरपोर्टला आता क्रिस्टियानो रोनाल्डोचं नाव आहे (फुटबॉलवेड्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको).

मागं आबा येऊन बसले. आबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, गगनबावडा घाट त्यांनी किती वेळा उतरलाय याचा हिशोब त्यांच्याकडंही नाही.

तर या रनवेच्या एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडं लगेच डोंगर. ०५ नंबरच्या टोकाकडनं उतरायचं तर सरळ रेषेत यायची सोयच नाही, नाक डोंगराकडं ठेवून यायचं आणि शेवटी बाहेर बघत हातानं उजवीकडं वळवून रनवे पकडायचा, आणि त्यात उत्तरेचा वारा असला की तो डोंगर ओलांडून खाली येताना भोवरे करतो, विमान एकदम दाबलं काय जातं, उचललं काय जातं. म्हणून तिथं वाऱ्याची मर्यादा सक्तीची आहे आणि कॅप्टनला वेगळं ट्रेनिंग लागतं.

पहिल्यांदा मी डोंगरात घुसलो. दुसऱ्यांदा समुद्रात.

"वळणात शिरल्यावर ब्रेक मारतोस व्हय?" आबा. "वळणाच्या आधी गाडी हातात पाहिजे."

गंमत म्हणजे पायलट लोकही हेच सांगतात, स्पीड, पंखांचे फ्लॅप, चाकं सगळं आधीच सेट पाहिजे, नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरायचं सोडून परत वर जायचं. आबांनी आयुष्यात एअरबस बघितली नाही.

मग मी त्यांना १९७७ चं सांगितलं. नोव्हेंबरची पावसाळी रात्र, बोईंग ७२७ ओल्या रनवेवरून पुढं निघून खाली कोसळलं, १३१ माणसं गेली. तेव्हा रनवे जेमतेम १६०० मीटर होता. पुढं तो वाढवत नेला, २००० साली २७८१ मीटर झाला, पण जमीनच नाही म्हटल्यावर करणार काय, साधारण ७० मीटर उंचीचे १८० च्या आसपास खांब उभारून त्यावर रनवे नेला. आबा बराच वेळ ते खांबच बघत बसले.

तिसऱ्यांदा वळणात शिरलो तर वारा एवढा की रनवे पुढच्या काचेतून दिसायच्या ऐवजी बाजूच्या खिडकीतनं दिसायला लागला. मी म्हटलं आता उतरवणारच, काय व्हायचं ते होऊ दे. आबा मागनं ओरडले, "अरे सोड की! वर घे!" थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा) पुढं ढकलला, वर गेलो, आणि जवळच्या पोर्तू सान्तू बेटावर निवांत उतरलो. तिथला रनवे ३००० मीटर, खरी विमानंही बऱ्याचदा तिकडंच वळवतात.

मी खूश. आबांचा चेहरा मात्र गंभीर.

"उतरवलंस ते बरं केलंस, पण फुंशालची पॅसेंजरं?"

म्हटलं, बोट असते.

"आणि तिकिटाचे पैसे कोण देणार?"